पायाळूचा पाय आणि पाव किलो पेढे

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, त्यामुळे सातपूरच्या आमच्या कॉलनीत माझ्या पायाला फार मान. कंपनीची शिफ्ट सुटली की वाकडे झालेले लोक दारात उभे. गुण येतो की नाही, मला आजही सांगता येणार नाही, पण चहा पिऊन सरळ चालत जायचे एवढं खरं.

माझी नात कबड्डी खेळते. हौस म्हणून नाही, संघाशी करार आहे तिचा. टीव्हीवर दिसते. ती चढाईला गेली की मी डोळे मिटून घेते. गेल्या हंगामात एक दिवसाच्या सुट्टीवर घरी आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"आजी, उसण भरलीय. परवा सामना आहे. लाव ना पाय."

पालथी झोपवली, तीनदा पाय लावला. हसत उठली आणि "आई गं" करून परत बसली. निघताना म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं." मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून म्हणतेय. आणि खरं सांगू का, भजनातल्या बायका म्हणजे 'कुणी' असं माझ्या मनातच आलं नाही. इतक्या वर्षांच्या त्या!

संध्याकाळी पेटी वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय म्हणते तुमची वाघीण?"

"कसली वाघीण! वाकता येईना बिचारीला. परवा काही खेळत नाही ती."

नाहीच खेळली. संघ हरला. दुसऱ्या दिवशी पेटीवाल्या बाई पेढे घेऊन आल्या. "मुलाचं काम झालं हो!" मी म्हटलं, चला, पोराला नोकरी लागली एकदाची. देवापुढे ठेवले, शेजारी वाटले, दोन मी खाल्ले.

आठवड्याने नात पुन्हा दारात, तोंड एवढंसं. मोबाईलवरच्या कुठल्याशा सट्ट्याच्या ग्रुपवर सामन्याच्या आदल्या दिवशीच कुणी लिहिलं होतं, ही खेळणार नाही, बातमी घरातली आहे. आता चौकशी लागली होती. तिनेच बातमी विकली असं ठरलं तर करार गेला, खेळ गेला.

चौकशीचे साहेब मोबाईलवर दिसत होते. बोलायला गोड.

"आजी, तुम्ही ही गोष्ट कुणाला सांगितलीत?"

"भजनात सांगितली की. लपवायचं काय त्यात?"

"बदल्यात काही मिळालं?"

"छे! पाव किलो पेढे तेवढे आले."

"आजी!" नातीने कपाळावर हात मारला.

"अगं, ते त्या पोराच्या नोकरीचे!" मी म्हटलं. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. "कुठे लागली नोकरी?" असं त्यांनी विचारलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ते मी विचारलंच नव्हतं.

तशीच पेटीवाल्या बाईंकडे गेले. त्या रडायलाच लागल्या. "पैसे आले म्हणाला हो. मीही नोकरीच समजले."

आता मला सांगा. आमच्या लहानपणी जत्रेत दोन पैलवान आधीच ठरवून कुस्ती बरोबरीत सोडवायचे, लोक चिडून खडे मारायचे. ती लबाडी मला कळते. इथे मुद्दाम कोण हरलं? मी तर खोटंसुद्धा बोलले नाही. खरं बोलले त्याचीच चौकशी! नात म्हणते, "आजी, ते खरंच तर विकलं जातं." असेल बाई. रात्रंदिवस घोळवते, पण डोक्यात नीट बसत नाही. बसतं ते एवढंच, की बोलले मी आणि भोगलं तिने.

साहेबांना आमचं म्हणणं पटलं असावं. तीन सामने बाहेर बसवलं, लेखी ताकीद दिली, करार राहिला. मी देवाला हात जोडले, कशाबद्दल ते नक्की ठरवता आलं नाही.

आता फोन येतो तिचा, पण ती बोलताना थांबते, शब्द निवडते. परवा मी विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले."

"काय होतं जेवायला?"

ती गप्प झाली. इतकं साधं विचारलं होतं मी. काही पथ्य चालू असेल का? पोट बिघडलं असेल का? तेही सांगायचं नसतं का? मलाच कळेना.

"राहू दे," मी म्हटलं, "नको सांगूस."