गरम पाण्यातलं प्रवाळ

बादलीतलं पाणी जांभळं झालं आणि हातातलं प्रवाळ पांढरं. साडेआठ वाजले होते. नऊच्या एस.टी.नं मला उमरखेडला जायचं होतं.

मी क्रोशाचं विणकाम करते. ताटावरचे रुमाल, तोरणं. शाळेची ऑर्डर ही पहिलीच. विज्ञान प्रदर्शनात मुलींना समुद्राखालचं प्रवाळ मांडायचं होतं. विज्ञानाच्या रेखा मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवले. मला ती रंगीत झाडंच वाटली.

"नाही ताई, हे बारीक जीव आहेत. एकावर एक घर बांधत जातात, त्याचा खडक होतो. माशांची पिल्लं त्यात लपतात. लाटही तिथंच फुटते, म्हणून किनारा वाचतो."

"वावराच्या बांधावानी," मी हळूच म्हटलं.

"अगदी!" मॅडम म्हणाल्या. तो शब्द आठवून मला दोन दिवस हसू येत होतं.

विणणं सोपं गेलं. गोल रुमालाला टाके मापात वाढवावे लागतात. जास्त झाले की कड चुरमडते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. इथं मी मुद्दाम जास्त टाके घातले. फोटोतल्यासारखी झालर उठली. आयुष्यात पहिल्यांदा मन भरून चुकले.

पण काम धुऊन, खळ देऊनच द्यायचं, ही माझी रीत. सगळ्यात मोठा तुकडा आधी घेतला. गरम पाणी, चिमूटभर सोडा. जांभळं सूत कच्च्या रंगाचं निघालं.

थोरली जाऊ दारात आली. "काय वं, समुद्र धुऊन काढला काय?"

"रंगच गेला ना बाई. आता मॅडमले काय सांगू?"

"सांग, लई मळला होता म्हणाव." ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "जाय घेऊन हाय तसं. गाडी काही थांबत नाही तुयासाठी."

बाकीचे तुकडे कोरडेच पिशवीत भरले. ओला तुकडा एस.टी.च्या खिडकीत धरून वाळवला. प्रदर्शनातली पोरींची सगळी मांडणी त्याच्याभोवतीच ठरली होती.

शाळेत तो मॅडमपुढे केला. "गरम पाण्यात टाकलं... रंग सोडला त्यानं."

"ताई, पुन्हा म्हणा."

आता बोलणी बसणार, असं वाटलं. पुन्हा म्हटलं. मॅडमनी मुलींना हाक मारली. "ऐकलं का गं? समुद्रातही हेच होतं. प्रवाळाच्या अंगात बारीक रंगीत शेवाळ राहतं, तेच त्याला खाऊ घालतं. पाणी तापलं की ते निघून जातं. प्रवाळ पांढरं पडतं, उपाशी राहतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाही तर मरतं."

पांढरा तुकडा मधोमध ठेवला. परीक्षक त्याच्यापाशीच थांबले. "हा रंग कसा साधला?"

मुलींनी माझ्याकडे बोट केलं. मी पदर सावरला. "धुतलं, साहेब."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आवाज करून.

मुलींचा पहिला नंबर आला. त्यांना जिल्ह्याला न्यायला आणखी एक प्रवाळ हवं आहे, निम्मं रंगीत, निम्मं पांढरं. जांभळं सूत मी दुकानातून पुन्हा आणलं. समुद्राला रंग परत आणायला असं दुकान नाही.

रंगीत काम आता गार पाण्यातच धुते.