डोहातली चिमूट

मार्गशीर्षातली थंडी हाडात शिरली होती. पुंडलिकनगरात नळाला आठवड्यानं पाणी आलेलं, आणि भिकनआबा कानाला मफलर गुंडाळून अंगणातल्या ड्रमात पाइप धरून बसले होते. तेही खुर्चीवर. खाली बसायचं म्हटलं की गुडघे ऐकत नव्हते. पाणी गढूळ होतं. तुरटी फिरवायची तेवढी राहिली होती, तोच रामनं गाडी काढली.

"आबा, चला. आल्यावर तुरटी फिरवा."

राम त्यांचा लेक, शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर. डॉक्टरनं आबांच्या गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक सांगितला, तेव्हापासून त्यानं हॉट टबचं मनावर घेतलं होतं. माणूस गळ्याइतका बुडंल असा ऊन पाण्याचा हौद, गच्चीवर.

"गल्लीत लोक कळशीला भांडत्यात, अन् म्या हौदात डुंबू व्हय?" आबा म्हणाले होते.

"डुंबा की," सून प्रांजली हसली होती. "त्यातलं पाणी महिनोन् महिने बदलायचं नसतं. तुमच्या बादलीपरीस कमीच लागंल."

आबा नको नको म्हणत राहिले. पण गळ्याइतकं पाणी म्हटलं की त्यांना गावाकडचा डोह दिसायचा. शहरात आल्यापासून बादलीच्या वर पाणी अंगाला लागलं नव्हतं. त्याआधी सोयगावच्या अंगाला त्यांची मेंढरं होती आणि नदीत डोह होता. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची. आबा छातीइतक्या पाण्यात उभे राहायचे, एकेक मेंढरू हनुवटीखाली हात देऊन तरंगवत पुढं सोडायचे. खालच्या उथळात त्यांची बायको सारजाबाई उभी, झेलायला. पहिलं मेंढरू उतरायच्या आधी आबा चिमूटभर भंडारा, देवाची हळद, पाण्यावर सोडत. पिवळी रेघ वाहत वाहत सारजापाशी जायची. ती ओंजळीत धरून कपाळाला लावायची.

"पोचला का गं?"

"पोचला, पोचला! आता मेंढरं सोडा, का दिवसभर हळदीच खेळता?"

आधी मेंढरं गेली, मग सारजा गेली. भंडाऱ्याची पिशवी तेवढी आबांच्या कमरेला राहिली.

जालना रोडवरच्या शोरूममधे सोनिया नावाची चुणचुणीत पोरगी होती. बघायला ठेवलेला टब भरलेला, वाफाळत होता.

"बसून बघा काका. हा आपोआपवाला. ओझोनचं यंत्र जंतू मारतं, क्लोरीनच्या गोळ्या हळूहळू विरघळत राहतात. तुम्हाला काहीच करायचं नाही. तो पलीकडचा साधा. त्यात पावडर आपल्या हातानं टाकायची, रोज, बसून उठल्यावर."

"आपोआपच बरा," राम म्हणाला.

कमरेची पिशवी काठावर ठेवून आबा चड्डीवर उतरले. ऊन पाणी गळ्याला लागलं तसे गुडघे सैल पडले, आणि आबांनी डोळे मिटले. एक हात पाण्याखाली गेला, तळवा वर, हनुवटी झेलावी तसा. दुसरा काठावरच्या पिशवीकडं गेला. चिमूट सुटली.

"काका! काय टाकलं?"

"भंडारा," राम कपाळाला हात लावत म्हणाला.

"हळद? अहो, आमचे साहेब मलाच बुडवतील यात!" सोनियानं झटक्यानं बटण दाबलं.

पंप गुरगुरला. पिवळी रेघ निघाली, समोरच्या रिकाम्या बैठकीपर्यंत गेली, तिथं गरगरली आणि जाळीत गडप झाली.

आबा त्या बैठकीकडं बघत राहिले. "कुठं गेला?"

"फिल्टरमधे," सोनिया म्हणाली. "पाणी सारखं फिरत असतं ना."

"फिरतंय व्हय," आबा म्हणाले. "जात कुठंच नाय."

रामचा चेहरा उतरला. "नको का मग, आबा?"

आबांनी पाण्यातच पाय लांब केले, जवळ घेतले. "पाय लई हलके झाले रं. घे. पण तो पलीकडला."

"काका, त्याची कटकट असते," सोनिया म्हणाली. "रोज आठवणीनं पावडर टाका, विसरलं की पाणी हिरवं. वासही मारतो."

"किती टाकायची?"

"लहान चमचाभर. पाण्यावर पसरून सोडायची. भंडारा मात्र नाही हं!"

"नाय टाकत, माय. हातानं सोडायचं असलं म्हंजी झालं."

राम काही बोलणार होता. लहानपणी तोही डोहाच्या काठी बसायचा. त्यानं आबांना टॉवेल दिला.

घरी आल्याबरोबर प्रांजलीनं विचारलं, "कोणता ठरवला?"

"आबांच्या मनासारखा," राम म्हणाला.

"बरं झालं. आबा, ड्रम मात्र तसाच हाय बरं का. सैपाकाला पाणी नाय."

आबांनी बाही वर सारली, तुरटीचा खडा घेतला आणि ड्रममधे हात घालून फिरवू लागले. पाणी बर्फासारखं होतं. मधेच त्यांनी मान वर करून ड्रमाच्या पलीकडं बघितलं, डोहातून खालच्या उथळाकडं बघायचे तसं. तिथं रामची गाडी उभी होती. हात गारठला तसा त्यांनी खडा दुसऱ्या हातात घेतला, आणि पुन्हा फिरवायला लागले.