भाईंचा गाणारा पक्षी आणि चहावाली बाहुली

माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. लग्नाआधी मी घरच्या कारखान्यात गणपतींची आखणी करायचे, म्हणजे डोळे रंगवायचे. रोह्याला सासरी आले आणि ब्रश सुटला. गेल्या वर्षी तो पुन्हा हातात आला, तो एका जपानी बाहुलीमुळे.

माझा भाचा कंपनीकडून जपानला गेला होता. येताना त्याने चावीची बाहुली आणली. जुन्या काळी तिकडे बड्या घरांत अशी लाकडी बाहुली पाहुण्यांना चहा नेऊन द्यायची म्हणे. ही तिची प्लास्टिकची नक्कल, सुटे भाग घरी जोडायचे. पण बॅगेत दबून तिचं डोकं चेपलं होतं.

जोडायला शेजारचे भाई आले. भाई बरीच वर्षं मस्कतला घड्याळांच्या दुकानात होते. आता मुलं तिकडे, ते इकडे. त्यांच्याकडे पितळी पिंजऱ्यातला एक पक्षी आहे, जुना, युरोपात बनलेला. दुकान सोडताना शेठने दिला. चावी दिली की तो मान वळवतो, चोच उघडतो, शेपूट हलवतो आणि खऱ्या पक्ष्यासारखा गातो. आत छोटा भाता आहे, त्याची हवा शिट्टीत जाते. हे सगळं भाईंनी मला पिंजऱ्याचा तळ उघडून दाखवलं होतं.

बाहुलीचं डोकं मी मातीचं केलं. चावी दिली, ती दोन पावलं चालली आणि तोंडावर आपटली.

"वहिनी, डोक्यात माती जास्त झाली," भाई म्हणाले, आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

मग कागदाचा लगदा करून हलकं डोकं केलं. डोळे रंगवले ते सवयीने, मोठे, टपोरे. बाहुली चालायला लागली तशी भाई खुर्चीत मागे सरकले. "ही चहा द्यायला नाय येत. भांडायला येतेय!"

खरंच होतं ते. गणपती एका जागी बसलेला असतो, आपण जाऊन त्याच्या डोळ्यांत बघतो. ही स्वतः आपल्या अंगावर चालून येते. मी डोळे खरवडले आणि पापण्या खाली झुकवल्या. आता चालताना तिची मान डुलली, की कधी ती हसल्यासारखी दिसे, कधी लाजल्यासारखी. हसू मी रंगवलंच नव्हतं.

मी तिच्या हातातल्या ताटलीवर इवलासा कप ठेवला. ती भाईंकडे निघाली. त्यांनी कप उचलला, ती थांबली. चहा पिऊन रिकामा कप ठेवला, तशी ती वळली आणि माझ्याकडे परत आली.

"तुमचा पक्षी बघा," मी म्हटलं, "आपण असलो काय, नसलो काय, त्याचं गाणं चालूच. ही आपली वाट बघते."

"व्हय, पण हिला काम दिलं तर ही चालणार. माझ्या पक्ष्याला काय काम हाय? तो नुसता गातो. ज्याने बनवला त्याने एवढी मेहनत फक्त गाण्यासाठी केली, वहिनी."

भाईंनी मग फोनवर युरोपातली एक जुनी बाहुली दाखवली. ती लेखणी शाईत बुडवून कागदावर लिहिते, आणि लिहिताना तिचे डोळे अक्षरांमागून फिरतात. मला ती आवडली, थोडी भीतीही वाटली. तिकडच्या कारागिराने माणूस पुरता उभा करायचं मनावर घेतलं होतं. जपानी कारागिराने बरंचसं झग्याखाली झाकून आपल्या कल्पनेवर सोडलं होतं.

गणपतीत आमच्याकडे भाईंचा पक्षी आणि माझी बाहुली, दोन्ही मांडली. पक्षी गायला लागला की सगळे गप्प उभे राहत. बाहुली समोर आली की मात्र मोठी माणसंही बावरत, कप दोन्ही हातांनी घेत. एकाने तिला "थँक्यू" म्हटलं. गागोद्याहून आलेल्या आत्यांनी तर कप घेऊन स्वतःजवळच ठेवला.

"आत्या, कप परत ठेवा, म्हणजे ती जाईल."

"ऱ्हाऊ दे गो. सकालपासून फिरतेय. बसू दे जरा."

आत्यांचा चहा संपून गप्पा संपेपर्यंत बाहुली त्यांच्यासमोर तशीच उभी होती. भाई दारात उभे राहून डोळे पुसेपर्यंत हसत होते.

दिवाळीनंतर ते मुलीकडे मस्कतला गेले. जाताना पिंजरा माझ्या हवाली केला. "चावी अडली की थांबायचं. जोर नाय करायचा." दुपारी घर निवांत झालं की मी पक्ष्याला चावी देते आणि समोर बसते. त्या वेळात हातात काही काम घेत नाही. परवा भाईंचा फोन आला. मी त्यांना म्हटलं, तुमचं पक्ष्याबद्दलचं म्हणणं थोडं पटायला लागलंय. ते म्हणाले, "थोडंच?"