अढीवर पहारा

आमच्या घरात माझ्या नाकाला मान होता. अढीत पेंढ्यावर मांडलेले हापूस हलक्या हाताने फिरवायचे आणि देठाशी वास घेऊन पिकलेले वेगळे काढायचे, हे काम बाबा माझ्याशिवाय कुणाला देत नसत. "आमच्या पोरीसारखं नाक तालुक्यात नाही," असं ते बागेतल्या गड्यांना सांगत, आणि मी दिवसभर हवेत चालत असे.

नव्व्याण्णव सालच्या एप्रिलातली एक सकाळ. पोट दुखत होतं तरी मी अख्खी अढी फिरवली, मग आंघोळीला गेले आणि तिथूनच आईला हाक मारली. घाबरले मात्र नाही. आईने आदल्याच वर्षी फणसाचे गरे काढता काढता मला सगळं सांगून टाकलं होतं. दोघींचे हात चिकाने माखलेले, त्यामुळे कुणालाच पळता आलं नव्हतं. आता आई नुसती हसली आणि तिने बाबांना औषधांच्या दुकानात पिटाळलं. बाबांनी आणलेल्या पुड्यावर इतके कागद गुंडाळलेले होते की तो सोडवताना आम्हा दोघींची हसून पुरेवाट झाली.

पण आंब्याच्या दिवसांत देवरूखहून राहायला आलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. "अशात अढीला हात लावलास? आता सगळी नासणार. बाजूला बस."

मी पडवीत चटईवर बसले आणि तिथून मला फुकटचा तमाशा दिसू लागला. आत्या सारखी अढी हुंगायला जाई. बाबा उंदीर बघायला जात. आई कांदे आणायला जाई, आणि कांदे तर स्वयंपाकघरात टांगलेले. तिघं दारात एकमेकांवर आदळत आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसे. आतून मात्र धाकधूक होती. चार आंबे जरी काळे पडले असते, तर माझं नाक कायमचं कामावरून गेलं असतं.

आंबे पिकले, आणि असे पिकले की घरभर घमघमाट. आत्याने पहिल्याच जेवणाला बाठ्यांचा ढीग लावला. "यंदाची अढी गोड हो," ती म्हणाली. आईला ठसका लागला. बाबा ताटात बघत जेवत राहिले.

मे महिन्यात पुन्हा पाळी आली. या वेळी कुणी सांगायच्या आधी मीच पडवीत चटई घातली. आज आठवलं की तेवढंच मनाला लागतं, की मला सांगावंसुद्धा लागलं नाही.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. "चल गो, वरचा थर तयार झालासा वाटतो. मला सर्दी झालीय, वास कळत नाही."

मेच्या उकाड्यात सर्दी. "मी बाजूला आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे." बाबांचे कान लालबुंद झाले होते. "म्हणून काय नाक बिघडलं?"

मी अढीच्या खोलीकडे पाहिलं. दारात आत्या उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पदराशी चाळा करत ती दारातून बाजूला झाली.

"जा," ती म्हणाली. "रसाला चांगले बघून काढ."