सरकट्यांची नोंद

जानेफळच्या भाऊराव सरकट्यांना शास्त्रज्ञ म्हणावं की नाही, हा प्रश्न १९६४ साली माझ्या टेबलावर आला. मेहकरला आम्ही चार निवृत्त मास्तर मिळून वऱ्हाडाचा कोश करत होतो. दोन खंड ठरले होते आणि व्यक्तींसाठी नियम एकच: ज्याच्या नावाचा छापील पुरावा नाही, त्याची नोंद नाही. नियम माझाच होता. आजोबांच्या पराक्रमाच्या थापा घेऊन येणाऱ्यांना मी त्याच्याच जोरावर वाटेला लावत असे.

भाऊराव सरकारी शेतावर रखवालदार, शिक्षण चौथी. खोडमाशीमुळे ज्वारीच्या कोवळ्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधला कोंब, वाळतो. हे नेमकं कधी वाढतं ते पाहायला हा माणूस घरामागच्या तुकड्यात दर चार दिवसांनी एक ओळ पेरायचा आणि मेलेली रोपं मोजायचा. अशी एकवीस वर्षं. पेरणी लांबली की माशी वाढते, हे त्यांच्या वह्यांत तारीखवार होतं. पुढे एका साहेबाच्या अहवालात मला तेच आकडे दिसले. देणाऱ्याचं नाव 'स्थानिक मजूर'. माझं डोकं तापलं, पण तापलेलं डोकं पुराव्यात धरत नाहीत.

त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, मला स्पष्ट सांगितलं, की या वेडापायी घरामागे कधी चार वांगी लावता आली नाहीत, तर निदान नाव तरी पुस्तकात येऊ द्या. भाऊराव नुसते हसले. नको मात्र म्हणाले नाहीत. त्यांनाही ते हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

कोशाच्या मंडळापुढे मी नियम सैल करायची गळ घातली. पालथ्या घड्यावर पाणी. माझाच नियम त्यांनी मला वाचून दाखवला. तेव्हा मला युक्ती सुचली. 'ज्वारी' हा लेख पहिल्या खंडात होता, तो मीच लिहीत होतो, आणि लेखात कोणाचा उल्लेख करावा याला काही नियम नव्हता. मी भाऊरावांचं काम नावानिशी लिहिलं. १९६६ला खंड छापून आला. आता दुसऱ्या खंडात 'सरकटे' ही नोंद टाकायची आणि पुरावा म्हणून पहिल्या खंडाचं पान दाखवायचं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. मंडळानंही मान डोलावली.

नोंदीचा मसुदा घेऊन मी मोठ्या ऐटीत जानेफळला गेलो. भाऊरावांनी तो दोनदा वाचला आणि खालच्या पुराव्यावर बोट ठेवून विचारलं, "गुरुजी, हा ज्वारीचा लेख कोणं लिहिला?"

मीच, म्हणालो.

"म्हणजे तुम्हीच लिहिलं अन् तुम्हीच साक्ष देऊन राह्यले. मी एकच ओळ दोनदा मोजली असती, तं तुम्ही मानलं असतं काय?"

केसरबाईंनी कपबशी जरा आदळूनच ठेवली. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"काढून टाका," भाऊराव म्हणाले. मसुदा मात्र त्यांच्या हातून लवकर सुटला नाही.

हा माणूस शास्त्रज्ञ आहे का, याबद्दल तोवर माझ्या मनात थोडी शंका होती. ती तिथेच संपली. मेहकरला परतल्यावर मी त्यांची नोंद माझ्याच हाताने काढून टाकली.