करुणानं प्रस्तावना कापली

कुरुंद्यात भीमजयंतीच्या निबंधस्पर्धेचा निकाल ऐकायला कोणी थांबत नसे. पहिला नंबर करुणा खिल्लारेचा, हे पोरासोरांनाही पाठ होतं. घरात शिल्डं ठेवायला जागा उरली नाही तेव्हा तिच्या आईनं, सोजराबाईनं, त्यातलं एक पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. करुणाचा निबंध लग्नाच्या पंगतीसारखा चाले: आधी मानपान, मग सावकाश वाढप, आणि उपसंहारात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी.

गावच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष पुंजाजीआप्पा यांच्या डोळ्यांत तर ते हमखास यायचं. म्हणून कंपनीनं हळद उत्पादकांसाठी वेबसाईट काढली तेव्हा लिहायला त्यांनी करुणालाच बसवलं. पहिला लेख हळदीच्या कंदकुजीवर होता. मथळा 'पिवळ्या सोन्याची व्यथा'. सुरुवात नवरीच्या अंगाला लागणाऱ्या हळदीपासून, मग आयुर्वेद, मग जुना व्यापार. आप्पांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्या कोणी वाचला नाही.

त्याच आठवड्यात सोजराबाईनं बटईनं कसायला घेतलेल्या रानात हळदीची खालची पानं पिवळी पडू लागली. करुणानं मोठ्या ऐटीत आईच्या हातात मोबाईल दिला. सोजराबाईनं चिखलाचा अंगठा लुगड्याला पुसला आणि उन्हात डोळे बारीक करून वाचू लागली. नवरी गेली, आयुर्वेद गेला, व्यापार गेला.

"आगं, गोड लिवलंस," ती म्हणाली. "पण माझी हळद मरून राहिली, ती कुठं हाय ह्याच्यात?"

मरणारी हळद उपसंहाराच्या जरा अलीकडे होती. करुणाला राग आला, आणि आईचं म्हणणं खरं होतं म्हणून तो जास्तच आला.

मग ती बियाणे-खतांच्या दुकानात जाऊन नुसती बसू लागली. लोक कसं विचारतात ते ऐकायला. पिवळं सोनं म्हणणारा एकही भेटला नाही. जो येई तो एकच म्हणे, "हळद पिवळी पडून राहिली, काय करू?" फोनवर हेच शब्द टाकून शोधणाऱ्याला लेख सापडावा म्हणून करुणानं तोच मथळा केला. शेवटी ठेवलेलं उत्तर उचलून पहिल्या ओळीत आणलं: आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. पुढं, कंद उकरून दाबून पाहा. मऊ लागला तर काय करायचं, कडक लागला तर काय. परिच्छेद आखूड, मध्येच उघडलं तरी कळावं असे. सोबत आईच्या रानातल्या झाडाचा फोटो. प्रस्तावना मात्र तिनं जड हातानं कापली, कारण वाक्यं खरंच चांगली होती.

आप्पा तापले. "काहून मोडलास एवढा निबंध? ही तर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी झाली."

"आप्पा, निबंध ऐकणारा खुर्चीवर बसलेला असतो. आवडो न आवडो, शेवटपर्यंत बसतो. हा चिखलात उभा हाय. अंगठा हलवला की गेला."

"मला नको शिकवू. दसऱ्यापर्यंत पाहतो. कोणी वाचलं न्हाई तर जुना लेख परत लावायचा, अन् तू गोदामात पोती मोजायची."

करुणानं मान हलवली खरी. पण लिहिण्याशिवाय तिला दुसरं काही धड येत नव्हतं.

भादव्यात पावसानं पिच्छा पुरवला. दसरा तोंडावर आला तरी कंपनीत कोणी चौकशीला फिरकलं नाही. करुणानं गोदामाकडं बघायचंच सोडून दिलं. अशात एक दिवस औंढ्याकडच्या तांड्यावरचा रूपसिंग हळदीचं अख्खं झाड खांद्यावर टाकून ऑफिसात आला. बुडाशी एक पिवळं पान दिसलं आणि आप्पांनी न विचारता सल्ला दिला, "कंदकुज हाय ही. आधी औषध टाक."

"न्हाई आप्पा. आधी पाणी काढायचं. मग कंद दाबून पाहायचा. आमच्या अख्ख्या तांड्यानं तसंच केलं. हा पाहा, कसा कडक हाय. हेच दाखवायला आलो."

"तुला कोणी शिकवलं हे?"

"तुमच्याच साईटवर हाय की. तुमी वाचलं न्हाई व्हय?"

ऑफिसातल्या सगळ्यांना अचानक कागद चाळायची घाई झाली. आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण बघायची हिंमत कोणाची?

"लिवलं कोणी?" रूपसिंगनं विचारलं. "तिथं नाव न्हाई."

"मी लिहिलं, दादा." करुणा उभी राहिली.

रूपसिंगनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि ते झाड मातीसकट तिच्या हातात दिलं. टाळ्या तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या. पण तिचं लिहिणं आजवर कोणी शेतात नेलं नव्हतं. अंगावर माती सांडत होती आणि करुणा आनंदानं नुसती फुलून गेली होती.

"पोत्यांसाठी दुसरं माणूस पाहतो," आप्पा पुटपुटले.

"ताई, त्या मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं बी लिवा," रूपसिंग म्हणाला.

"लिहिते. पण आधी सांगा, हुमणी लागली की तुमी फोनवर काय म्हणून शोधता?"

रूपसिंग विचारात पडला. आप्पांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.