शिवणाच्या खोलीतला गारवा

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. सव्वीस वर्षं तो शीतगृहांच्या भिंतींना आतून फोम बसवत होता, आणि घाई म्हणून कधी करत नव्हता. कामावरच्या मंडळींनीच हे नाव त्याला चिकटवलं होतं.

बायको घरी शिवणकाम करायची. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. उन्हाळ्यात तिच्या खोलीतला एसी दिवसभर घरघरायचा, तरी कापडावर घामाचे थेंब पडायचे. थंडीत पायाशी हीटर घेऊनही बोटं इतकी आखडायची, की सुईत दोरा ओवता यायचा नाही. विजेचं बिल आलं की ती म्हणायची, "शीतगृहातल्या तुमच्या बटाट्यांचं नशीब बघा. आम्हाला नाही कोणी असं जपत."

तो हसून सोडून द्यायचा. राहत्या घराला फोम कोण लावतं, असं त्याला वाटे.

मग एका उन्हाळ्यात त्याचा पाय मुरगळला आणि तो आठवडाभर घरी बसला. भर दुपारी तीनला लंगडत तिच्या खोलीत गेला, पलंगावर चढला आणि छताला हात लावला. लगेच मागे घेतला.

"तू रोज इथे बसतेस?"

"नाही, डोंगरावर हवा खायला जाते," ती मशीन न थांबवता म्हणाली. "उतरा खाली. एक पाय मुरगळलाय तेवढा पुरे."

तो उतरला, पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही.

पाय बरा होताच तो कामाला लागला. आधी दारं-खिडक्या बंद करून तिच्या हातात पेटती मेणबत्ती दिली. चौकटीच्या कडेने ती मेणबत्ती फिरवत गेली; ज्योत जिथे वाकेल तिथे तो खडूने खूण करी. एसीच्या पाइपामागे तर ज्योत विझलीच. तिथे मुठीएवढं भोक होतं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण गल्ली गार करत होतो," ती म्हणाली.

फटी बुजल्या. छताला लावायची फोमची पहिली लादी मात्र दोन बोटं कमी पडली. तिने त्याच्या हातातून मापाची टेप घेतली. "बटाटे तक्रार करत नाहीत म्हणून तुमचं चाललं." त्यानंतर मापं तिची आणि लाद्या बसवणं त्याचं. सांध्यांवर चकाकती पट्टी, खालून बोर्ड, वर गच्चीला पांढरा रंग. तिने दुहेरी अस्तराचे पडदे शिवले. ते इतके जड झाले, की दांडी दोनदा निखळली.

सगळं झाल्यावर पहिल्याच दुपारी एसी मध्येच गप्प झाला. ती उठून बटणं खालीवर करू लागली. "लाईट गेली वाटतं."

"गेली नाही. खोली गार झाली, आता त्याला काम नाही."

ती खाली बसली आणि हसतच सुटली. हसू आवरेना म्हणून मशीन पुन्हा सुरू करता येईना.

पुढच्या महिन्यात बिल जवळजवळ निम्म्यावर आलं. थंडीत सकाळी तासभर हीटर लावला की दिवस निघू लागला.

शेजारच्या नर्सबाई ड्रेसचं माप द्यायला आल्या, त्या दोन तास हलल्या नाहीत.

"माप कधीच झालं," ती म्हणाली.

"माहीत आहे. बसू दे गं जरा."

पुढच्याच रविवारी दोघं फोमच्या लाद्या घेऊन त्यांच्या घरी पोहोचली. काम रंगात आलं तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, "तुमच्यात मिस्त्री कोण?"

थंडोबाने वर बोट दाखवलं. "त्या. मी हाताखाली असतो."

शिडीच्या टोकावर, कानामागे खडू खोचलेली ती म्हणाली, "बोलू नका, शिडी धरा."